पाडव्याची गोळी आणि घरातली केरसुणी

होळी सरली की इंदुरात ऊन तापू लागते. पाडव्याच्या सकाळी आमच्या लहानपणी कडुलिंबाची कोवळी पाने, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, ओवा, हिंग, मीठ, चिंच असे सारे वाटून त्याची गोळी प्रत्येकाच्या हातावर ठेवली जाई. शेजारचे हिंदीभाषक नीम-मिश्री खात. आम्ही नाक मुरडत ती गोळी गिळत असू, आणि गूळ जास्त घाल म्हणून आईशी हुज्जतही घालत असू.

मागच्या पाडव्यानंतर वर्गात विचारले, तर बऱ्याच विद्यार्थ्यांनी ती चाखलेलीच नव्हती. ‘आईला वेळ नसतो,’ हे उत्तर प्रामाणिक होते. पण दोष आईचा नाही. माळा झाडणे, गाद्या उन्हात घालणे, माठ धुऊन भरणे, कैऱ्या उकडून पन्हे करणे, आंबेडाळ वाटणे, एवढे सगळे एकटीवर टाकून आपण त्याला परंपरा म्हणतो. मुलग्यांना तर परीक्षेच्या नावाखाली साफ मोकळे सोडतो. (आम्हीही तसेच सुटलो होतो, पन्हे करायला चाळिशीनंतर शिकलो.)

२०१७ ते २०२३ सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या आपल्या शहरात घरातली केरसुणी मात्र एकाच हातात असावी, हे आम्हाला पटत नाही.

पालकांनी यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी माठ मुलांकडूनच धुऊन घ्यावा, साबण न लावता. कैऱ्याही त्यांनीच उकडाव्यात. त्या दिवशी शाळा कोणत्याही वर्गाला गृहपाठ देणार नाही.