दहा टक्क्यांच्या आत

प्रबंध जमा करायचा आठवडा आला की संशोधन केंद्रात एकच प्रश्न ऐकू येतो: "किती टक्के आलं?" अकरा आले असतील तर विद्यार्थी रात्रभर जागतो, 'निष्कर्षा'चे 'अनुमान' करतो, कर्तरी वाक्ये कर्मणी करतो आणि सकाळी साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचा नवा अहवाल नऊवर आलेला असतो. मार्गदर्शक सही करतात. त्यांनी प्रयोगवही कधी उघडली होती का, हे मात्र कोणी विचारत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे विनियम याच आकड्याभोवती फिरतात. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, साठच्या वर गेले तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द. सलग 14 शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य धरायचे नाही, इतका बारकावाही त्यांत आहे. उचलेगिरीला त्यामुळे काहीसा चाप बसला, हे मान्यच करायला हवे. पण ही मोजदाद वाक्यांची. वाक्यात सांगितलेली गोष्ट खरोखर घडली की नाही, हे सॉफ्टवेअर सांगत नाही.

चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ विश्वजीत गुप्ता यांचे प्रकरण म्हणूनच पुन्हा काढावेसे वाटते. हिमालयातल्या जीवाश्मांवर त्यांचे शेकडो शोधनिबंध आणि शंभराहून अधिक सहलेखक. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वॉरी विद्यापीठातले जॉन टॅलेंट यांनी 1989 मध्ये 'नेचर'मधून उघड आरोप केले. हिमालयात सापडल्याचे सांगितलेले काही अमोनॉइड, म्हणजे कवचधारी सागरी प्राण्यांचे जीवाश्म, हुबेहूब मोरोक्कोतल्यांसारखे होते, आणि तसले मोरोक्कन जीवाश्म पॅरिसच्या दुकानांत विकत मिळत. कोनोडॉन्ट तर सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे, दातांसारखे अवशेष. एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या ठिकाणांहून आणल्याचे सांगितलेले हे नमुने न्यूयॉर्क राज्यातल्या ॲम्सडेल क्रीक या एकाच ओढ्याकाठचे दिसत होते. गुप्तांनी आरोप फेटाळले. विद्यापीठाच्या चौकशीत ते दोषी ठरले, तरी बडतर्फी काही झाली नाही.

आजच्या सॉफ्टवेअरमधून ते निबंध काढले असते तर? भाषा त्यांची स्वतःची होती असे धरले, तर एखादा निबंध सहज दहाच्या आत बसला असता, कारण चोरी शब्दांची नव्हतीच. आरोप दगड कुठला याबद्दल होता.

अधिक बोचतात ते सहलेखक. त्यांच्यातले कित्येक जण आपापल्या विषयातले जाणते. नमुना हातात आला, त्यांनी प्रामाणिकपणे ओळख पटवली आणि खाली नाव घातले. तो नेमका कोणत्या कड्यावरून, कोणत्या थरातून काढला, चला, दाखवा, असे म्हणणे बहुधा अशिष्ट वाटले असावे. आपल्याकडेही हा संकोच फार. सर म्हणतात म्हणजे असेल! आणि सरांना वाटते, पोरगा मेहनती आहे, कशाला तपासायचे?

हा केवळ भूशास्त्राचा दोष समजून वाणिज्य आणि समाजशास्त्राच्या मंडळींनी निश्चिंत होऊ नये. तीनशे प्रश्नावल्या एकाच निळ्या पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात भरलेल्या असतील आणि एकीच्याही कोपऱ्याला घडी पडलेली नसेल, तर त्या गावोगाव फिरून आल्या की वसतिगृहाच्या खोलीत जन्मल्या, हे ओळखायला सॉफ्टवेअर लागत नाही. गठ्ठा हातात घ्यावा लागतो. परिशिष्टात कोऱ्या प्रश्नावलीची प्रत लावली जाते, भरलेल्या मात्र कपाटात राहतात किंवा रद्दीत जातात.

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा, 30 तासांचा अभ्यासक्रम आता आहे. त्यात बनावट विदा म्हणजे काय हे शिकवले जाते, परीक्षाही होते. ते ठीकच. पण संशोधन सल्लागार समितीपुढे विद्यार्थी प्रगती मांडतो, तेव्हा पुन्हा स्लाइडच दिसतात. त्या बैठकीला वही, नमुन्यांच्या डब्या, मुलाखतींची मूळ ध्वनिमुद्रणे आणि प्रश्नावल्यांचा गठ्ठा टेबलावर आणायला सांगावे. समितीतल्या कुणीही मधलीच एखादी प्रश्नावली उपसून विचारावे: ही कोणत्या गावातली, कोणत्या दिवशीची, आणि त्या दिवशी एसटी किती वाजता पोचली?