संमतीपत्रावर सही करण्याआधी



गुरुवारी, 25 नोव्हेंबरला, राज्य सरकारचा निर्णय आला. ग्रामीण भागातील पहिली ते चौथी आणि शहरी भागातील पहिली ते सातवीचे वर्ग 1 डिसेंबर 2021 पासून सुरू करायचे. शुक्रवारी टीव्हीवर ओमायक्रॉन हे नवीन नाव आले. आणि शनिवारी सकाळी माझ्या वर्गाचे पालक संमतीपत्र हातात घेऊन शाळेच्या व्हरांड्यात उभे होते. सगळ्यांचा एकच प्रश्न होता, "मॅडम, पाठवू का नको? तुम्हीच सांगा."

मी त्या दिवशी नीट उत्तर दिले नाही. "निर्णय तुमचा आहे, विचार करून सही करा," एवढेच बोलले. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला. ज्या मुलांना मी शिकवते असे दर आठवड्याला कागदावर लिहिते, त्यांच्या आईवडिलांनी मत विचारल्यावर मी सरळ हात वर केले. म्हणून आज रविवारी बसून हे लिहीत आहे. हे माझे मत आहे. ते कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही.

आमचे काल्हेर भिवंडी तालुक्यात. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की पुढे लागते. कागदावर आम्ही ग्रामपंचायत, म्हणजे ग्रामीण भाग. पण प्रत्यक्षात बघाल तर गोदामे, टॉवर, चाळी, मेट्रोचे खांब आणि दिवसरात्र चालणारे कंटेनर. माझ्या वर्गात गावातल्या आगरी घरांची मुले आहेत, कोकणातून आणि खानदेशातून येऊन इथे स्थायिक झालेल्यांची आहेत, गोदामात हमाली आणि पॅकिंग करणाऱ्या उत्तर प्रदेश-बिहारच्या पालकांचीही आहेत. ग्रामीण म्हणजे मोकळी हवा आणि कमी गर्दी, असे समजून कुणी हा आदेश वाचला तर त्याने एकदा इथे येऊन जावे. एक वडील मला म्हणाले, "मॅडम, एका खोलीत आम्ही सात जण राहतो. आम्ही ग्रामीण कसे काय?" त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तर पालकांची भीती खोटी नाही, हे आधी मान्य करूया. एका आईने सांगितले की घरात सासूबाईंना शुगर आहे, पोरगी शाळेतून काही घेऊन आली तर? एका बाबांनी एप्रिलमध्ये सख्खा भाऊ गमावला. दुसऱ्या लाटेत बेडसाठी आणि ऑक्सिजनसाठी झालेली धावपळ ज्यांनी पाहिली, त्यांना "काही होत नाही हो" असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. शिवाय 2021 मध्ये या वयाच्या मुलांना लसही नव्हती.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती पालकांना दिसत नाही. त्यात चूक त्यांची नाही. ती आम्हा शिक्षकांनी त्यांना दाखवलीच नाही.

माझ्याकडे यंदा दुसरीचा वर्ग आहे. पटावर 38 मुले. ही मुले जून 2020 मध्ये पहिलीत दाखल झाली. शाळा मार्च 2020 पासूनच बंद होत्या. म्हणजे पहिली पूर्ण संपली, दुसरी अर्धी झाली, आणि यातले एकही मूल आजपर्यंत वर्गात बसलेले नाही. नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबर 2020 पासून सुरू करायला परवानगी मिळाली. पाचवी ते आठवीला 27 जानेवारी 2021 पासून. मग दुसरी लाट आली, सगळे पुन्हा बंद झाले. 2021 मध्ये 4 ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरात आठवीपासून वर्ग उघडले. आमची पिल्लं मात्र रांगेत सगळ्यात मागे राहिली.

त्याला कारण होते. मोठी मुले मास्क नीट लावतात, अंतर पाळतात, दहावी-बारावीला बोर्डाची परीक्षा असते. हे सगळे खरे आहे. पण घरी बसून शिकणे कोणाला जमते, हा प्रश्न विचारला की हीच रांग उलटी होते. दहावीचा मुलगा व्हिडिओ थांबवून पुन्हा बघू शकतो, पुस्तक स्वतः वाचू शकतो, शंका टाईप करू शकतो. पहिलीच्या मुलाला वाचताच येत नाही, आणि तेच तर शिकायला तो शाळेत येणार होता.

डी.एड.ला असताना आम्हाला अध्यापनाची सूत्रे पाठ करायला लावली होती. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे. तेव्हा ती परीक्षेपुरती वाटायची, या वीस महिन्यांत त्यांचा अर्थ कळला. मणी मोजल्याशिवाय, दहा काड्यांचा गठ्ठा स्वतःच्या हाताने बांधल्याशिवाय दशक म्हणजे काय ते मुलाला समजत नाही. पेन्सिल कशी धरायची हे स्क्रीनवर दाखवता येते, पण त्याची बोटे माझ्या हातात घेऊन वळवता येत नाहीत.

आता माझीच एक गोष्ट सांगते. शालेय पोषण आहाराचा तांदूळ घ्यायला एक आई मुलीला घेऊन आली होती. मुलगी हुशार, आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज अभ्यास पाठवणारी. मी तिला कविता म्हणायला सांगितली. तिने चालीसकट, हातवारे करून म्हटली. मला आनंद झाला. मग पुस्तक पुढे ठेवले आणि म्हटले, "यात 'पाऊस' कुठे लिहिलाय, बोट ठेव बघू." ती पुस्तकाकडे बघेना, माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. बोट ठेवले ते चित्रावर.

मी म्हटले, "अगं, वहीत तर किती छान लिहितेस." तेव्हा तिची आई ओशाळून हसली. "मॅडम, ती लिहीत नाही ना, मग मीच लिहून फोटो टाकते. तुम्ही रोज स्टार देता, तिला बरं वाटतं."

मी वर्षभर त्या आईला स्टार देत होते. आणि दर आठवड्याच्या माहितीत "ऑनलाइन जोडलेली मुले" या रकान्यात 31 लिहीत होते. का, तर 31 नंबर ग्रुपमध्ये होते. त्यातले किती फोन सकाळी सातला वडिलांबरोबर गोदामात जातात आणि रात्री साडेआठला घरी येतात, हे मला माहीत होते. घरात तीन भावंडे आणि एक मोबाईल असेल तर तो आधी मोठ्याला मिळतो, हेही माहीत होते. तरी मी 31 लिहिले. माझा आकडा खोटा नव्हता, पण जोडलेली मुले आणि शिकणारी मुले यांत जो फरक आहे तो मी कुणाला सांगितला नाही. माझ्यासारखे आकडे अनेक शाळांतून वर गेले असतील.

नोव्हेंबर 2021 मध्ये असर 2021 चा अहवाल आला. त्यानुसार 2021 मध्ये देशाच्या ग्रामीण भागात पटावरच्या मुलांपैकी 67.6 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. 2018 मध्ये हेच प्रमाण 36.5 टक्के होते. वाचून वाटते, केवढी प्रगती! पण त्याच अहवालात पुढे आहे की घरात फोन असूनही सुमारे एक चतुर्थांश मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. आणि लहान इयत्तांमध्ये ही अडचण जास्त होती. आपल्या चाळीत जे दिसले तेच देशभर होते.

याचा अर्थ घरून शिकवण्याचा प्रयत्न वाया गेला असे मी म्हणत नाही. 'शाळा बंद, शिक्षण सुरू' म्हणत शिक्षकांनी खूप धडपड केली. सह्याद्री वाहिनीवरच्या 'टिलीमिली' मालिकेने फोन नसलेल्या घरातही धडा पोहोचवला. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर भोंग्यावरून धडे ऐकवले गेले. सोलापूरच्या नीलमनगरात कामगार वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर अभ्यास रंगवला गेला. या सगळ्यांना माझा नमस्कार. पण बघा, यातले सगळ्यात चांगले उपक्रम तेच होते जे मोबाईल सोडून मुलाच्या दारापर्यंत गेले.

आता आजाराच्या भीतीबद्दल. मी डॉक्टर नाही, म्हणून जे तज्ज्ञांनी जाहीरपणे सांगितले आहे तेवढेच लिहिते. आयसीएमआरने जून-जुलै 2021 मध्ये चौथे सिरो सर्वेक्षण केले. त्यात 6 ते 9 वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. म्हणजे शाळेचे कुलूप न उघडताही विषाणू या मुलांपर्यंत पोहोचून गेला होता. आला तो घरातून, बाजारातून, लग्नातून. तेव्हाच आयसीएमआरच्या प्रमुखांनी असेही सांगितले की शाळा उघडायच्या झाल्या तर प्राथमिकपासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल, कारण लहान मुले हा संसर्ग मोठ्यांपेक्षा चांगला पेलतात. मात्र शाळेतल्या सगळ्या मोठ्या माणसांची लस झालेली हवी, ही अट त्यांनी घातली होती. डेन्मार्कने तर एप्रिल 2020 मध्येच आधी लहान मुलांच्या शाळा उघडल्या, मोठ्यांच्या नंतर. आपण नेमके उलट केले.

आणि एक गोष्ट रोज डोळ्यांनी दिसते. ज्या मुलांना शाळेत पाठवायला आपण घाबरतो, ती मुले घरात बसलेली नाहीत. ती गल्लीत एकत्र खेळतात, दुकानात जातात, हळदीला आणि लग्नाला जातात. धोका आपण आधीच पत्करला आहे. त्याच्या बदल्यात मुलाला मिळायला हवी होती ती शाळा तेवढी मिळालेली नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगते. पहिली-दुसरीचे मूल असेल आणि घरात फार गंभीर आजारी माणूस नसेल, तर मुलाला पाठवा. उद्या सरकारने ओमायक्रॉनमुळे निर्णय पुढे ढकलला तर तोही पाळूया. पण जेव्हा दार उघडेल, तेव्हा मुलाला घरी ठेवणे म्हणजे काहीच न गमावणे, असे समजू नका.

ज्या घरात शुगर, डायलिसिस, कॅन्सर असे काही आहे आणि जे "आत्ता नको" म्हणतील, त्यांना मी चुकीचे म्हणणार नाही. शिक्षकांनीही त्यांच्यावर हजेरीसाठी दबाव आणू नये. फक्त त्या घरातल्या मोठ्यांची लस बाकी असेल तर ती आधी पूर्ण करा. 2021 मध्ये 'हर घर दस्तक' मोहिमेत आरोग्य कर्मचारी दारापर्यंत येत होते.

आता त्या कागदाबद्दल. शनिवारी एका आजोबांनी संमतीपत्र दोनदा वाचले आणि मला विचारले, "बाई, काही झालं तर जबाबदारी आमची, असंच ना हे?" मी गप्प बसले, कारण संमतीपत्र वाचून तसेच वाटते. सही एकाच बाजूची. पालक आपले मूल देतात, मग शाळा काय देते? ते कुठे लिहिलेले नाही.

म्हणून मी ठरवले आहे. माझ्या वर्गाच्या संमतीपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी माझ्या हाताने लिहून देणार आहे. वर्गाच्या खिडक्या आणि दार पूर्ण वेळ उघडे राहील. एका बाकावर एकच मूल बसेल, त्यासाठी वर्गाचे दोन गट करून एकाआड एक दिवस बोलावीन. साबण आणि पाणी आहे की नाही ते शाळा भरण्याआधी मी स्वतः बघीन. मुलाला ताप किंवा खोकला असेल तर घरी ठेवा, गैरहजेरीबद्दल एक शब्द बोलणार नाही. माझे लसीचे दोन्ही डोस झाले आहेत, प्रमाणपत्र वर्गात लावीन. पहिला महिना परीक्षा नाही, दुसरीच्या पुस्तकाची घाईही नाही. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करीन, मग ते अगदी 'अ'पासून का असेना. आणि जे मूल घरी राहील, त्याला आठवड्यातून दोनदा मी रात्री साडेआठनंतर फोन करीन, जेव्हा फोन खरोखर त्याच्या घरी असतो. खाली माझी सही.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या शाळेत हे जमेल तसे करा. पटसंख्या जास्त असेल, खोल्या कमी असतील, तर जे शक्य नाही ते लिहू नका. पालकांना खोटे आश्वासन नको आहे. आपण नेमके काय करणार आहोत हे त्यांना कळायला हवे.

पालकांनो, सही करण्याआधी तुमच्या मुलाच्या शिक्षकांना हे सगळे विचारा. वर्गाची खिडकी उघडते का? नळाला पाणी येते का? मुलाला बरे नसेल तर कुणाला फोन करायचा? विचारण्यात कसला आला उद्धटपणा? उत्तर मिळाले नाही तर पुन्हा विचारा.

उद्या सोमवारी सकाळी मी त्या आजोबांना शाळेत बोलावले आहे. त्यांचा नातू त्या 38 मुलांमधला. त्याच्याकडे मोबाईल नव्हताच, म्हणून तो माझ्या 31 मध्येही कधी नव्हता. पहिली सही त्यांच्या कागदावर मी करणार आहे. मग त्यांनी काय ते ठरवावे.