साखर सोडली, गूळ धरला!

(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये’ ही म्हण आपण सर्वांनीच शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली आहे. मला त्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळाले होते. परंतु म्हणीचा अर्थ लिहिता येणे निराळे आणि तो कळणे निराळे. तो मला गेल्या वर्षी कळला, आणि तोही आमच्याच घरात.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा चौथीपर्यंत शिकले, मायला सही येते. त्यामुळे घरात आलेला कोणताही कागद, मग तो विजेचे बिल असो की औषधाची चिठ्ठी, आधी माझ्या हाती येतो. मी सांगेन तो त्याचा अर्थ! गेल्या पावसाळ्यात ऐन रोवणीच्या हंगामात बाबांना सारखी तहान लागू लागली, पायांना मुंग्या येऊ लागल्या, बांधीत तासभर उभे राहवेना. तपासणी केली तर ‘शुगर’ निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गोड बंद करायला सांगितले. घरी आल्यावर मायने मला विचारले, “बाई, गोड बंद म्हणजे चहाबी बंद का?” साखर म्हणजे पांढरे विष आणि गूळ म्हणजे अमृत, असे मी कुठेतरी वाचले होते, मोबाईलवर पाहिलेही होते. मी मोठ्या तोऱ्यात सांगितले, “साखर बंद. गूळ चालते.”

झाले! दुसऱ्या दिवसापासून गुळाचा चहा सुरू झाला. गूळ बाधत नाही म्हटल्यावर बाबा जेवणानंतर गुळाचा एक खडाही तोंडात टाकू लागले. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, तर आकडा खाली येण्याऐवजी वर गेलेला. डॉक्टरांनी सर्व ऐकून घेतले व म्हणाले, “काका, गूळ तरी कशाचा? उसाच्याच रसाचा ना?” एसटीत परतताना बाबा मला म्हणाले, “तुही काय गलती? तुले जे समजलं ते तू सांगतलं.” ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

त्यानंतर मात्र मी नीट वाचायला बसले. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी असतात आणि तेवढ्याच गुळात सुमारे ३८०. गुळात थोडे क्षार असतात हे खरे, पण त्याचा बहुतेक भाग साखरच. मधाची कथाही वेगळी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी मर्यादा सांगितली, तिच्यात मधातील साखरही धरली आहे. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी उष्मांक अशा साखरेतून यावेत, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक चांगले, असे ती सांगते. २००० कॅलरींच्या आहारात याचा अर्थ ५० ग्रॅम, आणि शक्यतो २५ ग्रॅम.

हा हिशेब घरी मांडून पाहावा म्हणून मी किराणा दुकानातल्या काट्यावर आमचे साखरेचे दहा चमचे मोजले. ५० ग्रॅम भरले! बाबा दिवसातून सहा कप चहा घेत आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असे. म्हणजे ६० ग्रॅम साखर नुसत्या चहातूनच पोटात जात होती. सणावाराची जिलेबी वेगळीच.

कोणी म्हणेल, आपल्या झाडीपट्टीत मोह आहे, त्याचे काय? मोहाबद्दल मलाही प्रेम आहे. चैत्रात पहाटे मोहाखाली फुले वेचणाऱ्या बायांत माझी आजी असे. साखर दुर्मिळ होती त्या काळी घरातला गोडवा मोहाचाच होता. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुले गोळा करणे, साठवणे व वाहून नेणे यांवरील निर्बंध उठविले, हे उत्तमच झाले. मोहाचा लाडू दारूपेक्षा केव्हाही चांगला. परंतु वाळलेल्या मोहफुलाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो. मुलांच्या हाती लाडू अवश्य द्या, पण मधुमेह्याला ‘हा रानातला आहे, खा’ असे म्हणू नका.

मग गोळ्या नि पुड्या? स्टेव्हिया, सॅकरीन वगैरे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये असा सल्ला दिला की, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना हा सल्ला लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आपल्यासारख्या धडधाकट विद्यार्थ्यांनी मात्र साखरेच्या जागी दुसरे काय घालावे हे शोधण्यापेक्षा जिभेचीच सवय बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे बोलणे सोपे आहे, याची मला जाणीव आहे. रोवणीच्या बाया सकाळी गोड चहा पितात तो चैनीसाठी नव्हे. दुपारच्या शिदोरीपर्यंत भूक मारायची असते, म्हणून. पाहुण्याला बिनसाखरेचा चहा दिला तर घरची गरिबी उघडी पडते असे मायला वाटते. आणि साखर सोडली तरी ताटात भाताचा डोंगर राहतोच, त्याचीही रक्तात साखरच होते. म्हणून अशा माणसांना नुसता उपदेश करून भागणार नाही. ताटात डाळ-भाजी वाढली तरच भात आणि साखर कमी होईल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली देशव्यापी पाहणी सांगते की, देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. हा श्रीमंतांचा रोग, असे म्हणण्याचे दिवस गेले!

आमच्या घरी आम्ही एक केले. बाबांचा कप वेगळा ठेवला नाही. दर पंधरा दिवसांनी सर्वांच्याच चहातली साखर अर्धा चमचा कमी केली. पहिले काही दिवस धाकट्या भावाने तोंड वाकडे केले. आता मंडईत कोणी नेहमीचा चहा पाजला की तोच म्हणतो, “लय गोड आहे!” बाबांचा आकडा गेल्या तपासणीत खाली आला. गोळ्यांचा त्यात मोठा वाटा आहे, त्याचे श्रेय मी घेणार नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजण माझ्यासारखेच घरातले पहिले शिकणारे आहेत. आपण घरी जे सांगतो ते कोणी तपासून पाहत नाही, कारण ‘पोरगी कॉलेजात आहे’. या विश्वासाचे ओझे मोठे आहे. परीक्षेत चुकीचे उत्तर लिहिले तर आपले गुण जातात. घरी चुकीचे सांगितले तर बाबांच्या रक्तात त्याचा आकडा उमटतो. म्हणून साखर कमी करा, हे तर मी सांगेनच. परंतु त्याआधी एवढेच सांगते, की घरी काही सांगण्यापूर्वी एकदा नीट वाचा, आणि कळले नाही तर विचारा.