घाई करून एकच कसब धरू नका

ऑनलाइन खेळात नव्यानं उतरलात आणि तिथं कारागीर व्हायचं मनात असेल, तर तुम्हाला माझं कळकळीचं सांगणं आहे. पहिल्याच आठवड्यात एक धंदा धरून त्यात सगळी कमाई ओतू नका. आधी रानात फिरा. बाजारात फिरा. भट्टी नंतर पेटवा.

तुम्हाला बहुतेक जण उलटं सांगतील. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जुने खेळाडूही तेच म्हणतात, एकच धर आणि त्यात पुढं जा. म्हण खोटी नाही. पण हाताला काम लागलेलं असूनही जो दहा ठिकाणी धावतो, त्याच्यासाठी ती आहे. ज्यानं अजून कुठलंच काम हाताळून पाहिलेलं नाही, त्याला ती ऐकवण्यात अर्थ नाही.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक'चं बघा. तिथं एका पात्राला मुख्य व्यवसाय दोनच घेता येतात. स्वयंपाक, मासेमारी आणि प्रथमोपचार यांत मोजले जात नाहीत. ते तिन्ही बिनधास्त शिका. पण मुख्य दोनांपैकी एक सोडलात, की त्यातलं कौशल्य पुसलं जातं. शिकलेल्या रेसिपीही जातात. परत आलात तर पुन्हा 1 पासून सुरुवात.

मी हे अनुभवानं सांगतोय. पहिल्या पात्राला मी लोहारकाम आणि यंत्रकाम दोन्ही एकदम घेतली. दोन्ही धंद्यांना धातू लागतो. खाणकाम मात्र मी शिकलो नव्हतो, कारण दोन्ही जागा भरलेल्या होत्या. मग तांब्याची प्रत्येक पट्टी ऑक्शन हाऊसमधून, म्हणजे खेळातल्या बाजारातून, विकत घ्यावी लागली. पुढं कथील आलं, मग लोखंड आलं. चाळिसाव्या लेव्हलला बरोबरच्या सगळ्यांनी घोडे घेतले. त्याला सुमारे शंभर सोन्याची नाणी लागतात. माझ्याकडे त्याच्या निम्मीही नव्हती. शेवटी यंत्रकाम सोडून खाणकाम घेतलं. यंत्रकामावर घातलेला पैसा गेला, आणि त्यासाठी जागवलेल्या रात्रीही गेल्या.

म्हणून सुरुवातीला दोन्ही जागांवर गोळा करायची कामं घ्या. खाणकाम आणि कातडी सोलणं ही जोडी मला सगळ्यांत बरी वाटते. वनस्पती गोळा करणं आणि खाणकाम अशी जोडीही लोक घेतात. पण क्लासिकमध्ये नकाशावर एका वेळी एकाच गोष्टीचा माग दिसतो. वनस्पती दाखवा म्हटलं की खनिजं दिसेनाशी होतात. सारखी अदलाबदल करावी लागते. कातडीला माग लागत नाही. वाटेत जनावर मारलंत, तिथंच ते सोललंत, काम झालं.

गोळा केलेला माल विकत राहा. पुढं कधी कातडी सोलणं सोडलंत, तर कौशल्य जाईल, पण त्यातून आलेले पैसे थैलीतच राहतील. आणि लोहार व्हायचं ठरलं, तर खाणकाम तुमच्या हाताशी तयार असेल. तेव्हा पट्ट्या विकत घ्याव्या लागणार नाहीत.

शिंपीकामाची गोष्ट वेगळी आहे. कापड माणसांसारख्या शत्रूंकडून आपोआप मिळतं. त्यासाठी दुसरा व्यवसाय लागत नाही. ज्याला शिवायचंच आहे, त्यानं ते लवकर घेतलं तरी फारसं बिघडत नाही.

हे चालू असताना बाजार वाचायला शिका. हा भाग कंटाळवाणा वाटतो, म्हणून लोक तो टाळतात, आणि तिथंच फसतात. एक साधी वही घ्या. रोज दोन-तीन वस्तूंचे भाव लिहा. कच्च्या तांब्याचा भाव लिहा, आणि त्याच तांब्यापासून केलेल्या मनगटपट्ट्याचाही लिहा. आठवडाभरात तुमच्या लक्षात येईल की पुष्कळदा तयार वस्तू तिच्या कच्च्या मालापेक्षा स्वस्त असते.

असं का होतं? नवा शिकणारा प्रत्येक जण कौशल्य वाढवायला तेच मनगटपट्टे करतो. वस्तूंचा ढीग पडतो, घेणारा कुणी नसतो. तांब्याला मात्र सगळ्यांकडून मागणी असते. म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत खरी कमाई तांबं विकणाऱ्याची होते.

आणखी एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. आपल्या गटाच्या ऑक्शन हाऊसमध्ये वस्तू विकली गेली की शंभरातले पाच कापले जातात. वस्तू मांडताना अनामत भरावी लागते, आणि वस्तू विकलीच नाही तर ती परत मिळत नाही. हा खर्च धरल्याशिवाय नफा मोजू नका.

पुढं एखादं कसब घेतलंत, की रेसिपीच्या रंगाकडे लक्ष ठेवा. नारिंगी असेल तर वस्तू केल्यावर कौशल्य नक्की वाढतं. पिवळी असेल तर बहुधा वाढतं. हिरवी असेल तर क्वचित. करडी झाली की काहीच वाढत नाही. हिरव्यावर माल जाळत बसण्यात शहाणपण नाही. नवी रेसिपी मिळेपर्यंत थांबा.

आता विशेष शिक्षणाबद्दल. क्लासिकमध्ये लोहाराला चिलखतं की शस्त्रं, असा एक रस्ता निवडावा लागतो. पण तो कधी? कौशल्याची हद्द 300 आहे, आणि हा प्रश्न 200 वर आल्यावर विचारला जातो. शिवाय पात्राची लेव्हल 40 असावी लागते. खेळ बनवणाऱ्यांनीच दोन तृतीयांश वाट चालू दिली आहे. त्या आधी तुम्ही स्वतःला बांधून घेण्याची काही गरज नाही.

याच खेळाच्या नव्या आवृत्तीत, 2022 च्या शेवटी आलेल्या 'ड्रॅगनफ्लाइट'मध्ये, व्यवसायांसाठी ज्ञानाचे गुण आले. ते थोडे थोडे, आठवड्याच्या हिशेबानं मिळत. एका शाखेत घातलेला गुण परत काढून दुसरीकडे घालता येत नसे. अशा ठिकाणी पहिले गुण खर्च करण्याआधी चार दिवस सगळ्या शाखा नीट वाचा. त्यात तुमचं काही जात नाही.

म्हणून कुठलाही खेळ असो, पहिल्या दिवशी एवढंच विचारा: निवड चुकली तर इथून परत फिरता येतं का?

'फायनल फँटसी 14' मध्ये येतं. तिथं एकच पात्र आठही हस्तकला शिकू शकतं. सुतारकाम, लोहारकाम, चिलखतकाम, सोनारकाम, चामडेकाम, विणकाम, किमया आणि स्वयंपाक. खाणकाम, वनस्पती आणि मासेमारी ही गोळा करायची कामं आणखी वेगळी. एक शिकलं म्हणून दुसरं पुसलं जात नाही. उलट एकाचा माल दुसऱ्याला लागतो. चामडं चामडेवाला कमावतो, धातूच्या पट्ट्या लोहार ओततो. सगळं थोडं थोडं येत असेल, तर दारोदार मागायला जावं लागत नाही. तिथं खास तज्ज्ञ होता येतं, पण तीनच कलांत, आणि तेही पुढं गेल्यावर. या खेळाच्या मोफत चाचणीत बाजारात विक्री करता येत नाही, आणि तीन लाख गिलच्या वर पैसे साठत नाहीत. म्हणजे तिथं कमाईची घाई करून उपयोगच नाही. निवांत शिका आणि स्वतःपुरतं बनवा.

'अल्बियन ऑनलाइन' मोबाइलवर चालतो, म्हणून आपल्याकडच्या मुलांनाही तो सहज खेळता येतो. इथं मात्र लवकर एक वस्तू धरणाऱ्याचं चालतं, हे मी मान्य करतो. एकाच वस्तूत हात बसला की ती करायला 'फोकस' हा गुणांचा साठा कमी लागतो, आणि प्रीमियम सदस्याला दिवसाला तो 10,000 च मिळतो. दहा वस्तूंत तो वाटला तर पुरत नाही. पण धोक्याच्या लाल आणि काळ्या भागांत मेलात, की अंगावरचं आणि पिशवीतलं सगळं जातं. सगळा माल एका खेपेत घेऊन तिकडून कधी जाऊ नका. आणि आधी स्वस्त वस्तूंवर हात बसवा.

गिल्डमधले, म्हणजे तुमच्या खेळाडूंच्या संघातले, कुणी म्हणतील, आम्हाला किमयागार हवाय, तू हो. आनंदानं हो म्हणा, पण आधी विचारा की वनस्पती कोण आणून देणार? ते देत असतील, तर लवकर एकच कसब धरण्यात धोका नाही. तुमचा कच्चा माल त्यांनी उचलला. देत नसतील, तर थोडे दिवस मागून घ्या. चांगली माणसं रागावत नाहीत.

आणि एक हात जोडून विनंती. कौशल्य अडलं, नाणी संपली, म्हणून खरे रुपये देऊन कुणाकडून खेळातलं सोनं घेऊ नका. खेळाच्या नियमात ते बसत नाही, आणि त्यापायी खातं कायमचं बंद होऊ शकतं. असं सोनं विकणारा पासवर्ड किंवा ओटीपी मागू लागला, तर संभाषण तिथंच थांबवा. मुलं खेळत असतील, तर घरातल्या मोठ्यांनी हे त्यांना शांतपणे समजावून सांगावं. नाणी संपण्याची वेळ बहुतेक वेळा घाईनं धंदा धरल्यामुळंच येते. मुलाचं तिथं काही चुकलं असेल, तर ओरडू नका. त्याच्याजवळ बसा आणि वहीत भाव लिहायला मदत करा.

क्लासिकमध्ये कुदळ आणि सोलायची सुरी दोन चांदीच्या नाण्यांत येतात. आज तेवढीच खरेदी करा. लोहार व्हायचं की शिंपी, ते महिन्याभरानं ठरवलंत तरी चालेल.