पक्षादेश आणि सद्सद्विवेक

आपल्या वर्ध्याच्या खासदाराने कोणत्या विधेयकावर कसे मत दिले, हे शोधणाऱ्या मतदाराच्या हाती फारसे काही लागत नाही. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात; मतविभागणी झाल्याखेरीज नावांची नोंद होत नाही. नोंद झालीच, तर ती पक्षाच्या भूमिकेची नक्कल असते. कारण कायद्याचीच तशी सक्ती आहे.

३० जानेवारी १९८५ रोजी, गांधीजींच्या हौतात्म्यदिनी, लोकसभेने पक्षांतरबंदीचे विधेयक संमत केले. तेव्हा वर्ध्याचे प्रतिनिधी वसंत साठे होते. अध्यक्षीय पद्धतीचा त्यांनी जाहीर पुरस्कार केला. ते पक्षाचे धोरण नव्हते. वाणी-लेखणीला अशी मुभा उरली, मताला मात्र उरली नाही.

घोडेबाजार थांबावा, हा हेतू रास्तच. परंतु सौदा करणारा आणि अंतःकरणाची साक्ष मानणारा, दोघांना एकच शिक्षा हा कोणता न्याय? एकट्याने विवेक पाळला तर सदस्यत्व धोक्यात. दोन तृतीयांशांनी मिळून दुसऱ्या पक्षात विलीन व्हावे, त्यांना अभय! ही अपात्रता विश्वास-अविश्वासाच्या ठरावांपुरती ठेवावी, असे दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचविले होते.

राजाज्ञेपुढे विवेक न विकल्यामुळे १५३५ मध्ये शिरच्छेद झालेल्या संत थॉमस मोर यांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० मध्ये राजकारण्यांचे आश्रयदाते घोषित केले. आपल्या व्यवस्थेत ते प्रथम अपात्र ठरले असते. म्हणून मत मागायला येणाऱ्यास श्रद्धावंतांनी एवढेच विचारावे : आपण आमचे प्रतिनिधी, की पक्षाचे?