मोठी फाइल आणि टपालाची लहान पिशवी

गेल्या कांहीं महिन्यांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांतून एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांनीं डोकावत आहे. कोणास मुंजीचीं छायाचित्रें परदेशीं असलेल्या मुलीकडे धाडावयाचीं आहेत, कोणास वडिलांच्या दुखण्याचे कागद दुसऱ्या शहरांतील डॉक्टरांना दाखवावयाचे आहेत, आणि कोणास (अशांची संख्या सर्वांत मोठी) कुलवृत्तांतासाठीं जमविलेलीं जुनीं कागदपत्रें मंडळाच्या चिटणिसांकडे पोंचवावयाचीं आहेत. ई-मेलला फाइल जोडावी, पाठविण्याची कळ दाबावी, आणि 'फाइल फार मोठी आहे' असें कोरडें उत्तर पदरीं यावें, ही सर्वांची हकीकत. अशा वेळीं घरांतील एखादा पुतण्या 'काका, द्या इकडे, व्हॉट्सॲपवर टाकतों' असें म्हणून दोन मिनिटांत मोकळा होतो, आणि काकांनाही हायसें वाटतें. माझ्या मतें खरी हानि होते ती येथें. ई-मेलनें नाकारलें तेथें नव्हे.

ई-मेल नाकारतो कां, हें आधीं समजून घेणें बरें. त्याचा जन्म पत्रासाठीं झाला, गांठोड्यासाठीं नव्हे. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन या अमेरिकन गृहस्थांनीं एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे पहिला निरोप धाडिला, तो नुसत्या अक्षरांचा होता. १९८२ सालीं जॉन पोस्टेल यांनीं या टपालाच्या वाहतुकीचे जे नियम लिहून ठेविले, त्यांतही रोमन अक्षरें, अंक व विरामचिन्हें एवढ्यांचीच सोय होती. चित्र, ध्वनि किंवा आपला देवनागरी मजकूर त्या वाटेनें सुखरूप जाण्याची व्यवस्था १९९२ सालीं नॅथॅनिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनीं 'माइम' नांवाच्या पद्धतीनें केली. तींत वापरली जाणारी युक्ति गणिताच्या शिक्षकास आवडेल अशी आहे. फाइलींतील दर तीन बाइट, म्हणजे २४ बिट, घ्यावयाचे. त्यांचे सहा-सहांचे चार गट पाडावयाचे. आणि प्रत्येक गटाऐवजीं ६४ ठरीव चिन्हांपैकीं एक चिन्ह लिहावयाचें. चिन्हें कोणतीं? रोमन लिपींतील मोठीं अक्षरें २६, लहान २६, अंक दहा, आणि वर आणखी दोन. अशा रीतीनें चित्रही पत्राच्या वेषांत प्रवास करतें. पण तिनांचे चार झाले, हें लक्षांत घ्या. १८ मेगाबाइटची फाइल या वेष्टनांत २४ मेगाबाइटची होते, आणि पुष्कळ टपालकेंद्रें वजन करतात तें वेष्टनासकट. जीमेलची मर्यादा २५ मेगाबाइट आहे. कित्येक कचेऱ्यांची १०च असते. आपलें केंद्र उदार आणि पलीकडचें कंजूष असलें तरी पत्र परत येतें.

पत्राची वाट वेगळी आणि ओझ्याची वाट वेगळी असावी, हें जाणत्यांस मात्र आरंभापासून ठाऊक होतें. या ओझ्याच्या वाटेचा पहिला आराखडा एका भारतीयानें लिहिला, ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जात नाहीं याचें मला नवल वाटतें. कानपूरच्या आय. आय. टी.च्या पहिल्या तुकडींतून बाहेर पडलेले अभय भूषण हे अमेरिकेंत एम. आय. टी.मध्यें असतांना, १९७१ च्या एप्रिल महिन्यांत त्यांनीं 'फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल' या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्यांवर पुढें कित्येक दशकें मोठमोठ्या फाइलींची ने-आण चालली.

आतां आपल्या गांठोड्याकडे वळूं. ए-४ आकाराचें एक पान दर इंचास ३०० ठिपके या प्रमाणानें स्कॅन केलें तर रुंदींत सुमारें २,४८० व उंचींत ३,५०८ ठिपके पडतात. गुणाकार केल्यास सुमारें ८७ लक्ष. रंगीत चित्रांत प्रत्येक ठिपक्यास तीन बाइट लागतात. म्हणजे एका पानाचें कच्चें वजन २६ मेगाबाइट झालें. जीमेलच्या पिशवींत एक पानसुद्धां मावावयाचें नाहीं! प्रत्यक्षांत जेपेग नांवाची पद्धति हें वजन पुष्कळ उतरविते, पण कांहीं बारकावे गाळूनच. तेंच पान निव्वळ काळ्या-पांढऱ्यांत घेतलें तर एका ठिपक्यास एकच बिट पुरतो, आणि कच्चें वजन सुमारें १ मेगाबाइटवर येतें. छापील पुस्तक, टंकलिखित पत्र, बँकेचा कागद यांना काळें-पांढरें पुरेसें आहे. अशी फाइल बहुधा ई-मेलनेंच जाते व पुढचा सारा खटाटोप वांचतो. परंतु मोडी कागदास हा न्याय लावूं नये. जुनी शाई फिकी पडून तपकिरी झालेली असते, आणि कागदही तपकिरीच. यंत्रास 'काळें कीं पांढरें' एवढेंच ठरवावयास सांगितलें कीं तें फिक्या रेघा पांढऱ्यांत ढकलून देतें. असा कागद रंगीतच घ्यावा आणि वजन सोसावें.

'झिप करून पाठवा' हा सल्ला हल्लीं सर्रास दिला जातो. झिप पद्धति फाइलींतील पुनरावृत्ति शोधून ती थोडक्यांत लिहिते. त्यामुळें मजकुराच्या व हिशेबाच्या फाइली खूप आटतात. जेपेग चित्रें आधींच आटविलेलीं असतात. पिळून वाळत घातलेलें धोतर पुन्हां पिळण्यांत काय हंशील? मात्र दोनशें चित्रांचें एक गांठोडें बांधावयाचें असेल तर ती उपयोगी पडते.

व्हॉट्सॲपविषयीं मी वर कडक बोललों, त्याचें कारण सांगतों. तेथें छायाचित्र म्हणून पाठविलेलें चित्र आपोआप लहान केलें जातें. रुंदी निम्मी व उंची निम्मी झाली कीं ठिपके चौथाई उरतात. वाढदिवसाच्या चित्राचें यानें कांहीं बिघडत नाहीं. पण माझ्या परिचयाच्या एका कुलमंडळाच्या चिटणीसबाईंकडे एका घराण्याची हस्तलिखित वंशावळ अशाच मार्गानें आली. मोबाइलच्या पडद्यावर ती सुरेख दिसे. मोठी करूं जातां अक्षरांचे नुसते डाग होत. एका पणजीबाईंचें माहेरचें आडनांव आणि दोन जन्मशकांतील शेवटचे अंक कांहीं केल्या लागेनात. मूळ कागद पाहावा म्हणून त्या घरीं विचारिलें, तों कळलें कीं, 'आतां सगळें मोबाइलवर आलें आहे' म्हणून घराला रंग देतेवेळीं ती पेटी रद्दींत गेली. त्या वंशवृक्षांत त्या बाई आज सासरच्या नांवानें तेवढ्या उभ्या आहेत. माहेरची जागा कोरी आहे.

दोष साधनाचा नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे. त्याच व्हॉट्सॲपवर तेंच चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून जोडलें तर तें जसेंच्या तसें जातें, आणि २०२२ पासून अशी एक फाइल २ गिगाबाइटपर्यंत चालते. पुतण्यास एवढा एक शब्द बजावून सांगितला म्हणजे घरगुती कामांपैकीं बरींचशीं निर्धोक होतात.

याहून मोठें प्रकरण असेल, किंवा एकच संग्रह दहा घरीं द्यावयाचा असेल, तर फाइल न पाठवितां तिचा पत्ता पाठवावा लागतो. फाइल गूगल ड्राइव्हसारख्या कोठारांत ठेवावयाची आणि पत्रांतून लिंक धाडावयाची. जीमेलमध्यें मर्यादेबाहेरची फाइल जोडूं गेल्यास तें आपण होऊन हीच वाट धरतें. परंतु येथें देण्याघेण्याचा अर्थच बदलतो, व तें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. जोडलेली फाइल म्हणजे शेजारीं पोंचविलेला डबा. तो त्यांचा झाला. लिंक म्हणजे आपल्या कोठीची किल्ली. कोठी आपली, जागा आपली, आणि आपण माल हलविला कीं किल्ली फुकट. जागेचा हिशेबही ध्यानांत असावा: गूगलच्या विनामूल्य खात्यांत १५ गिगाबाइट मिळतात, पण त्यांतच टपाल, ड्राइव्ह आणि छायाचित्रें अशा तिघांचा संसार असतो.

किल्ली कोणाला द्यावयाची हें ठरविण्याची सोय त्या कोठारांत आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें. 'लिंक असलेला कोणीही' ही परवानगी मुंजीच्या चित्रांस चालेल. मृत्युपत्र, आधारचा कागद, दवाखान्याचे अहवाल यांस ती मुळींच देऊं नये; कारण लिंक पुढें ढकलणें म्हणजे एका बोटाचें काम, आणि आपल्या एकत्र कुटुंबांत कोणतीही गोष्ट किती लवकर किती घरीं पोंचते हें मीं सांगावयास नको. अशा कागदांस ज्याला द्यावयाचें त्याचाच ई-मेल पत्ता लिहून परवानगी द्यावी, व काम झाल्यावर ती काढून घ्यावी. पाहण्याची मुभा वेगळी व बदलण्याची वेगळी. घाईंत पाहुण्याला 'एडिटर' केलें तर तो आपलें फडताळ आवरूं लागतो.

कोठाराहून निराळा प्रकार धर्मशाळेचा. नेदरलंड्समध्यें २००९ सालीं निघालेल्या 'वीट्रान्सफर'सारख्या सेवांवर फाइल चढविली कीं लिंक मिळते, आणि ठरलेल्या मुदतीनंतर फाइल आपोआप पुसली जाते. छापखान्याकडे एकदां मजकूर धाडावयाचा असेल तर हें सुटसुटीत आहे. परंतु घेणाऱ्यानें आळस केला तर त्याच्या हातीं कांहीं लागत नाहीं. शिवाय २०२० च्या मे महिन्यांत आपल्या सरकारच्या दूरसंचार खात्यानें याच सेवेचे मार्ग देशांत बंद करण्याचा हुकूम काढिला होता. परक्या ओसरीवर घरचें मौल्यवान सामान फार दिवस ठेवूं नये, तें अशासाठीं.

आणि गांठोडें फारच मोठें असेल तर? तर जुनें टपाल बरें. इंटरनेटचा वेग मेगाबिटांत सांगतात व फाइल मेगाबाइटांत मोजतात. एका बाइटांत आठ बिट असतात, हा फरक जाहिरातींत कोणी समजावून देत नाहीं. ६४ गिगाबाइटांचा संग्रह सेकंदास १० मेगाबिट या वेगानें चढवावयास बसलों तर ५१,२०० सेकंद, म्हणजे १४ तासांहून अधिक लागतात. आणि घरगुती जोडणींत चढविण्याचा वेग उतरविण्याच्या वेगाहून पुष्कळदां कमी असतो. मध्येंच वीज गेली तर पुन्हां श्रीगणेशा. तेवढ्यांत पुण्याहून निघालेला पेन ड्राइव्ह, स्पीड पोस्टानें जाऊन, नाशकास पोंचण्याच्या वाटेवर असतो. तो पुठ्ठ्याच्या डबींत नीट बसवावा, आंतील फाइलींस संकेतशब्द लावावा, संकेतशब्द त्याच पाकिटांत लिहून पाठवूं नये, आणि प्रत घरीं ठेवल्यावांचून पेटी टपालांत टाकूं नये.

माल पोंचल्यावर तो पुरा पोंचला कीं नाहीं हें कोण पाहणार? आपण सारे स्थालीपुलाकन्यायानें एक शीत चेपून भात शिजला म्हणतों. भाताला तो न्याय ठीक. फाइलींच्या गांठोड्यांत पहिलीं चित्रें शाबूत व शेवटचीं अर्धीं असा प्रकार होऊं शकतो. निदान फाइलींची संख्या व एकूण वजन पत्रांत लिहून कळवावें, आणि पलीकडच्यानें तें ताडून उत्तर द्यावें. ज्यांस अधिक काटेकोर व्हावयाचें आहे त्यांच्यासाठीं 'हॅश' नांवाची सोय आहे. तिच्या 'एसएचए-२५६' या प्रकारांत फाइल केवढीही असो, तिची ६४ चिन्हांची एक मुद्रा निघते; मूळ फाइलींत एक ठिपका इकडचा तिकडे झाला तरी मुद्रा पार बदलते. वैदिकांनीं पद, क्रम, जटा, घन असे पाठ करून अक्षर ढळूं दिलें नाहीं, त्याच जातीची ही दक्षता आहे.

एक गोष्ट राहिली, ती घरांतील वडीलधाऱ्यांस उद्देशून आहे. लिंक जिवंत राहते ती खातें जिवंत असेपर्यंत. दोन वर्षें न वापरलेलीं खातीं पुसून टाकण्याचें धोरण गूगलनें २०२३ च्या डिसेंबरपासून अंमलांत आणिलें आहे. आजोबांनीं दहा वर्षें खपून जमविलेला संग्रह त्यांच्याच खात्यांत असेल, आणि संकेतशब्द त्यांच्याबरोबर गेला असेल, तर नातेवाइकांकडील साऱ्या लिंका एके दिवशीं एकदम निकामी होतील. याकरितां ज्यांना लिंक दिली त्यांपैकीं निदान दोन घरांनीं फाइली आपल्या यंत्रावर उतरून घ्याव्या. त्याच खात्यांत 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नांवाची सोय आहे. खातें ठराविक काळ निपचित राहिल्यास त्यांतील संग्रह कोणाच्या हातीं द्यावयाचा, त्यांचीं नांवें तेथें आपण नोंदवूं शकतों. अर्ध्या तासाचें काम आहे. सुटीच्या दिवशीं मुलाला किंवा सुनेला शेजारीं बसवून तें करून घ्यावें.