घराचे छप्पर : कौल की पत्रा?

महाड व पोलादपूर तालुक्यांतील कौलारू घरे कमी होत असून त्यांच्या जागी पत्र्याची छपरे येत आहेत. कारण विचारले असता शेतकरी बहुधा एकच सांगतो : वानरे कौले राहू देत नाहीत. हे खरे आहे, परंतु पुरे नाही. शिमग्यानंतर कौले उतरवून, कुजलेले वासे व रिपा बदलून घर शाकारण्यास जे हात लागतात, ते आज मुंबईस किंवा महाडच्या कारखान्यांत कामाला आहेत. तेव्हा सारा दोष वानरांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

पत्रा घेणाऱ्यास नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. मात्र एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते, ती म्हणजे वजन. मंगलोरी कौल दोन ते अडीच किलो भरते आणि चौरस मीटरला सुमारे १५ कौले लागतात. म्हणजे ३० किलोंहून अधिक भार झाला. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा तेवढ्याच जागेवर जेमतेम चार किलो भरतो. या हलकेपणामुळे लाकूड कमी लागते व खर्च वाचतो. पण वादळात हाच हलकेपणा घात करतो.

३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने हे दाखवून दिले. कौलेही उडाली; परंतु कौले उडतात तेव्हा भगदाड पडते, पत्रा सुटला की अख्खे पाखे जाते. मृगाच्या तोंडावर ज्याचे छप्पर गेले, त्याचे अंथरूण भिजलेच, शिवाय पेरणीसाठी राखलेले भाताचे बियाणेही भिजले.

वारा छपरास खाली दाबतो, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः छपरावरून वेगाने जाणारा वारा त्यास वर ओढतो आणि उघड्या पडवीतून शिरलेला वारा आतून उचलतो. ही ओढ वळचणीस, आढ्याजवळ व कोपऱ्यांत सर्वाधिक असते. म्हणून तेथे हूक व बोल्ट अधिक दाट बसवावेत, ते पन्हळीच्या उंचवट्यावरून घ्यावेत, म्हणजे पाणी झिरपत नाही. आणि वासे भिंतीवरील आडव्या लाकडास लोखंडी पट्टीने जखडावेत. पत्रा आढ्याशी पक्का आणि वासा भिंतीवर नुसता टेकलेला, अशी घरे पुष्कळ आहेत. तेथे वारा पत्रा व वासे दोन्ही बरोबरच नेतो. आमच्या मते पत्र्याच्या दरात घासाघीस जरूर करावी, बांधणीच्या लोखंडात करू नये.

चूल असलेल्या घरी आणखी एक अडचण येते. कौलांच्या फटींतून धूर निघून जातो. पत्र्याखाली तो कोंडतो. आढ्याखाली धुरासाठी पावसाची झड न येईल अशी वाट ठेवावी. वैशाखातील तापासाठी बांबूचा माळा व वरून पांढरा रंग उपयोगी पडतो. गोठ्यावर तर उंची व हवा राखल्याशिवाय पत्रा घालूच नये. जनावरे धापा टाकतात व दूध घटते.

सिमेंटचे ॲस्बेस्टॉसयुक्त पत्रे स्वस्त पडतात, पण ते कापताना उडणारे तंतू फुप्फुसास घातक असतात. नव्या घरास ते घेऊ नयेत. असलेले करवतीने कापू वा फोडू नयेत. स्लॅबविषयी इतकेच की, तीन हजार मिलिमीटरच्या पावसात गळू लागल्यावर त्यावरही पत्र्याची शेड उभारलेली आपल्याकडे जागोजागी दिसते.

ज्यांचे सागाचे वा ऐनाचे वासे अद्याप शाबूत आहेत व घरी शाकारणी करणारे एक तरी माणूस आहे, त्यांनी कौले विकण्याची घाई करू नये. ज्यांना पत्राच घालावयाचा आहे, त्यांच्या घरी ग्रामसेवक व कृषी सहायकांनी मे महिन्यापूर्वी एकदा जाऊन वासा भिंतीस कशाने बांधला आहे, एवढे हात लावून पाहावे.